फेंगडी

प्रिय बुटके,

फोन हाताशी असताना ही बाई कागद का खराब करतेय, असं म्हणत असशील. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? माझं निम्मं होईपर्यंत तुझं रडं सुरू होतं. म्हणून लिहितेय. विषय फेंगडीचा आहे. माझ्यामागे तिचं काय करायचं ते ठरवायचंय, आणि ते माझ्या एकटीच्याने ठरत नाही.

तू नातवंडं सांभाळायला लेकीकडे गेलीस आणि हॅचरीतल्या त्या लांब टेबलाशी तुझ्या जागी एक चटपटीत पोरगी आली. अंड्यातून नुकतं निघालेलं कोंबडीचं पिल्लू उचललं, पोट पाहिलं, पाय पाहिले, की इकडे नाहीतर तिकडे. तिकडे म्हणजे निळ्या बादलीत, मरायला. सुपरवायझर तिच्यावर खूश. मला मात्र तुझी आठवण यायची. बादलीत टाकण्याआधी तू प्रत्येक अधू पिल्लू क्षणभर मुठीत धरायचीस. उबेने त्याचे डोळे मिटले की मगच सोडायचीस. सुपरवायझर ओरडायचा, आम्ही तुला हसायचो, मी सगळ्यांत जास्त. माझी रीत सोपी होती, मान वळवायची आणि टाकायचं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी अगदी शेवटच्या ट्रेमध्ये ही फेंगडी निघाली. दोन पाय दोन दिशांना, पोटावर सपाट पडलेली, आणि तोंड मात्र असं चाललेलं, जणू सगळी हॅचरी हिच्या बापाची. काय वाटलं कोण जाणे, तुझ्यासारखी मूठ मिटून पाहिली. झोपली ना लगेच! मग माझा हात काही बादलीपर्यंत जाईना. तिथून एक पीसही बाहेर न्यायला बंदी, हे तुला वेगळं सांगायला नको. मी तिला जेवणाच्या रिकाम्या डब्यात घातली, झाकण अर्धवट लावलं आणि चिवचिवाट ऐकू जाऊ नये म्हणून वॉचमनसमोरून खोकत खोकत बाहेर पडले. खोकला काही खोटा नव्हता म्हणा.

घरी आल्यावर चिकटपट्टीची बारीक फीत कापली आणि दोन पायांत बेडीसारखी बांधली, म्हणजे पाय फाकायला नकोत. खोक्यात कागदावर पाय घसरायचे, म्हणून जुना टॉवेल अंथरला. वर दिवा लावला, ड्रॉपरने पाणी पाजलं. उजवा पाय सरळ झाला तेव्हा मी घरात एकटीने टाळ्या पिटल्या. डावा काही ऐकेना. त्याला पुठ्ठ्याचा बूट करून बांधला, तर बाईसाहेबांनी तो चोचीने फाडून ठेवला. शेजारच्या काकांच्या कोंबड्यांत एकदा सोडून पाहिली. त्यांनी टोचून टोचून तिच्या डोक्यावरची पिसं काढली, ती अजून आलेली नाहीत. आता चांगली मोठी झालीय, पण पाण्यापर्यंत उचलूनच न्यावी लागते, पोटाखालचं धुवावं लागतं. मी दिसले की एका पायाने रेटत रेटत येते आणि माझ्या पायाशी येऊन कोलमडते. रोज येते, रोज पडते. खरं सांगू, कधीकधी मला तिचा रागच येतो. एवढी कसली हौस जगायची?

हल्ली आम्ही दोघी सारख्याच झालोय. मीही भिंत धरून बाथरूमपर्यंत जाते आणि वाटेत स्टुलावर बसते. ती खाली, मी वर, दोघींनाही धाप लागलेली. मध्ये मुलगा येऊन गेला. डॉक्टरांशी तो बाहेर उभा राहून बोलला, आणि आत आल्यावर माझ्याशी इतकं गोड बोलायला लागला, की मला कळायचं ते कळलं. लहानपणापासून त्याला धड खोटं बोलता आलेलं नाही. सुनेने माझ्यासाठी खिडकीजवळची खोली रिकामी केलीय. गुणी आहे पोरगी. पण त्यांचं घर वरच्या मजल्यावर, आणि धाकट्या नातीला पिसांनी दम लागतो, तिथे फेंगडी कशी चालेल? मी विचारलंसुद्धा नाही. काकांना विचारलं, तर म्हणाले, द्या इकडे, कापून टाकतो. माणूस वाईट नाही. पण ते कोंबडी नेतात ती पाय धरून, उलटी लटकवून. तिचे ते पाय धरून! मी दार लावून घेतलं.

उद्या मुलगा मला न्यायला येतोय. परत येणं होईल असं मला वाटत नाही. आता रडू नकोस, पुढे वाच. ज्या दूधगाडीवाल्याने तुला हे पत्र दिलं, त्याच्या शेजारच्या सीटवर खोकं आहे. बाईंचं वाचून होईपर्यंत थांब, असं त्याला बजावलंय. तुझे गुडघे, ती नातवंडं, तुझ्या जावयाचा स्वभाव, मला सगळं ठाऊक आहे. ठेवून घेता आली तर ठेव, तिचा टॉवेल खोक्यातच आहे. नाही जमलं तर मी रुसणार नाही, पण तिला परत तेवढी पाठवू नकोस, इथे दार उघडायला कुणी नसेल. मग जे करायचं ते तूच कर, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस. आधी तिला धर. आता मुठीत मावणार नाही, दोन्ही हातांत घे. डोळे मिटेपर्यंत थांब.

तुझीच,
ताडमाड