गणिताची सुबक बांधणी

१ फेब्रुवारी
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. फोरमन जूनअखेर रिटायर होणार. जागा तुमचीच, म्हणाले, बाइंडिंगमध्ये सव्वीस वर्षं काढलीत, फक्त दहावी पासचं सर्टिफिकेट आणून दाखवा. माझा दहावीचा एकच विषय राहिलाय. गणित. तेव्हा ३१ मार्क पडले होते. चार मार्कांसाठी माणसाला नापास म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. बाहेरून बसायचा फॉर्म मी नोव्हेंबरातच भरला होता, माझ्या मुलीच्या, ठमीच्या फॉर्मबरोबर. याला दूरदृष्टी म्हणतात.
पेपर ११ मार्चला. अडतीस दिवस. चॅप्टर बारा. तीन दिवसांत एक धरला तरी दोन दिवस उरतात. ते दोन दिवस आराम.

२ फेब्रुवारी
टाइमटेबल लिहायला वही हवी. बाजारातल्या वह्या माझ्याच्याने बघवत नाहीत. स्वतः बांधली. आठ फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, मेणाचा दोरा, जाड पुठ्ठा, लाल कापडी पाठ. तीच ही वही, कालची नोंदही हिच्यातच उतरवून घेतली. दिवस गेला त्यात, पण पाया पक्का पाहिजे.

५ फेब्रुवारी
ठमीही यंदा दहावीलाच. तिला सांगितलं, गणितात काही अडलं तर संकोच करू नकोस, मला विचार. तिने विचारलं, बाबा, तुमचे किती चॅप्टर झाले? मी म्हटलं, सध्या आढावा घेतोय. बायको आतून म्हणाली, आढावा सव्वीस वर्षं चालू आहे. घरातून प्रोत्साहन शून्य.

९ फेब्रुवारी
टाइमटेबल सुधारलं. आता अडीच दिवसांत एक चॅप्टर. उलट बरंच झालं. जास्त वेळ मिळाला की माणूस ढिला पडतो.

१४ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत शिलाईच्या टेबलावरच्या ताईंनी विचारलं, कुठवर आलात? मी म्हटलं, येतोय. त्या म्हणाल्या, रोज सुट्टीत एक गणित सोडवा, मी समोर बसते, आपोआप होईल. ताई वीस वर्षं दोरा ओवतायत, त्यांना गणितातलं काय कळणार? मन राखायला पुस्तक उघडलं. उघडताच चार पानं हातात आली. आत शिलाईच नाही! नुसत्या गोंदावर चिकटवलेलं, शाळेच्या पोरांसाठी! असल्या पुस्तकातून अभ्यास करणं माझ्या तत्त्वात बसत नाही. सगळं सोडवलं. पुस्तक. गणित नव्हे.

१८ फेब्रुवारी
पुस्तकाचे फर्मे सुटे पडलेत. शिवायला वेळ होत नाही, कारण पावती-पुस्तकांची मोठी ऑर्डर आलीय. पुस्तक सुटं असल्याने वाचता येत नाही. वाचता येत नसल्याने टाइमटेबल पुढे ढकललं. यात माझा दोष कुठेच नाही.

१९ फेब्रुवारी, सकाळी सात
दिव्याखाली अंधार! ठमीने वर्षभर सोडवलेली सगळी गणितं सुट्या कागदांवर आहेत आणि ते कागद एका गंजक्या क्लिपमध्ये! बाइंडरच्या घरात! तिला म्हटलं, दे इकडे, दोन दिवसांत पुस्तक करून देतो, तूही वाचशील, मीही वाचेन. ती म्हणाली, नको बाबा, मला रोज लागतात ते. मी म्हटलं, अगं, लोक माझ्याकडून बांधून घ्यायला रांग लावतात. ती म्हणाली, लावू देत. शेवटी मी चहा तसाच बाजूला सारला, तेव्हा दिले. एकशे बारा पानं, माझ्यासमोर मोजून. मी काय सावकार आहे का?

२२ फेब्रुवारी
आज काम असं जमलं की काय सांगू. सोळा-सोळा पानांचे सात फर्मे शिवले. मग कटिंग मशीनवर. ठमीचे कागद वेगवेगळ्या वह्यांतले, लहान-मोठे, कडा दातेरी. वेळ फुकट जाऊ नये म्हणून कापताना तोंडाने सतराचा पाढा म्हणत होतो. हीच ती रिव्हिजन. पहिल्या कापात कड तिरकी आली. दुसऱ्यात सरळ झाली, पण तीन पानं आत राहिली. तिसऱ्यात लोण्यासारखी कड. बोट फिरवलं, कुठे अडकलं नाही. ताई सहज म्हणाल्या, आत काय लिहिलंय ते बघितलंत का? मी म्हटलं, बाइंडरने आत बघायचं नसतं. सव्वीस वर्षांत मी एकही पुस्तक आत बघून बांधलेलं नाही.

२४ फेब्रुवारी
पुस्तक शिकंज्यात दाबून ठेवलंय. हवा दमट, खळ वाळत नाही. ठमी सकाळ-संध्याकाळ विचारते. तिला म्हटलं, घाईत काढलं तर पाठ वाकडी होते, मग जन्मभर वाकडीच. ती म्हणाली, परीक्षा दोन आठवड्यांवर आहे. पोरांमध्ये हल्ली धीर नाही.

२७ फेब्रुवारी
आज पुस्तक दिलं. वर सोनेरी अक्षरात तिचं नाव. तिने उघडलं. पानं उलटत राहिली. मी कौतुकाची वाट बघत उभा. मग तिने पुस्तक माझ्याकडे फिरवलं.
ठमी कागद वाचवायला अगदी कडेपर्यंत लिहिते. हे मला कुणी सांगायला नको होतं का? उजवीकडच्या पानांवरची उत्तरं गेली. डावीकडच्या पानांवर गणितांची सुरुवात गेली. बाकी सगळं मधलं मधलं शिल्लक आहे.
ती रडली नाही. रडली असती तर मी ओरडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तिने फक्त विचारलं, कापलेले तुकडे कुठे आहेत? मला फार वाईट वाटलं. इथे लिहून ठेवतो, कारण ही वही कुणी वाचत नाही.

२८ फेब्रुवारी
सुट्टी टाकली. कारखान्यामागच्या शेडमध्ये कातरणाची अकरा पोती. मी एक पोतं उपसलं, ताईंनी तीन. पावत्यांच्या कातरणात ठमीचं अक्षर शोधायचं. दुपारपर्यंत मूठभर पट्ट्या मिळाल्या. एकीवर ‘= ४२’, एकीवर ‘म्हणून’. तो ‘म्हणून’ एकशे बारा पानांपैकी नक्की कुठला, हे देवालाही सांगता येणार नाही. पट्ट्या पाकिटात घालून घरी आणल्या. ठमी म्हणाली, राहू द्या बाबा, मी परत सोडवते.

२ मार्च
ठमी पहिल्यापासून सगळी गणितं सोडवतेय. राहिलेला मधला भाग बघून पुढचं-मागचं स्वतः काढते आणि कागदाच्या पट्टीवर लिहिते. मी पट्टी कापतो, खळ लावतो, जागेवर चिकटवतो. आज दोन चॅप्टर झाले. आमचे. मन लावून केलं की किती भराभर होतं!

६ मार्च
नऊ चॅप्टर माझ्या हाताखालून गेले. बायको म्हणाली, हाताखालून जाणं आणि डोक्यात जाणं यांत फरक असतो. तिचं दहावीनंतरचं शिक्षण आहे, म्हणून बोलते. ताईंनीही आज टोकलं, एखादं तरी स्वतः सोडवलंत का? मी म्हटलं, खळीचं प्रमाण रोज सोडवतोय.

९ मार्च
बारा पूर्ण! पुस्तक पट्ट्यांनी दुप्पट फुगलंय, शिवलेली पाठ ताणून फुटायच्या बेतात आहे. सौंदर्य गेलं. ठमीला तरीही ते छातीशी धरून झोप लागते, असं बायको म्हणाली. मला बरं वाटलं, आणि का कोण जाणे, तिथून उठून बाहेर गेलो.

१० मार्च, दुपार
आता स्वतःकडे वळतो. एक दिवस हातात आहे. माझं पाठ्यपुस्तक अजून फर्म्यांत, कारखान्याच्या फळीवर. ठमी आज मैत्रिणीकडे गेलीय, तिचं पुस्तक मिळालं. सगळी गणितं आता वाचून होणार नाहीत. सूत्रं पाठ केली की निम्मा पेपर खिशात. सूत्रांचं पान काढलं. त्या पानाला पट्ट्या नाहीत. ठमीला सूत्रं तोंडपाठ, म्हणून तिने लावल्याच नाहीत. पान उजवीकडचं. ‘वर्तुळाचे क्षेत्रफळ =’ आणि पुढे माझी लोण्यासारखी कड.
हरकत नाही. डाव्या बाजू सगळ्या पाठ करून टाकल्या. डावी पक्की असली की उजवी आपसूक सुचते.

११ मार्च, सकाळी साडेदहा
ठमी आणि मी एकाच केंद्रावर, खोल्या वेगळ्या. फाटकाशी तिने मला कंपासपेटीतलं जास्तीचं पेन दिलं. म्हणाली, बाबा, घाबरू नका, येईल ते लिहा. हे वाक्य खरं तर मी तिच्यासाठी पाठ करून आलो होतो.

११ मार्च, दुपारी तीन
बाक लहान, गुडघे वर. दुसराच प्रश्न: वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा. मी लिहिलं, ‘वर्तुळाचे क्षेत्रफळ =’. मग थांबलो. वाट बघितली. उजवी सुचेना. पुढच्या प्रश्नाला गेलो, ‘शंकूचे घनफळ =’. एकूण नऊ ठिकाणी ‘=’ काढलं, पट्टी लावून, एका रेषेत. उत्तरपत्रिकेची शिलाई अगदीच गचाळ. पुरवणी मागितली, सोबत दोरा मिळाला, तो मात्र असा बांधला की तपासणाऱ्याच्या बापाला सुटायचा नाही. पुरवणी कोरी होती, पण गाठ चांगली दिसते.
ठमी बाहेर हसत आली. सोपा होता ना बाबा? मी म्हटलं, हो, थोडा लांबलचक होता.

१२ जून
निकाल. ठमी ९४. म्हणाली, दोनदा सोडवली म्हणून सगळं पक्कं झालं. यात माझाही वाटा आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण बायकोने माझ्याकडे बघितलं.
मी १४.
म्हणजे सव्वीस वर्षांत सतरा मार्क कमी झाले. फेरतपासणीला अर्ज करावा का? कसली तपासणी मागणार, गाठीची? ठमीने पेढ्याबिढ्याचं नाव काढलं नाही, माझ्यासाठी. आपल्या निकालाचा कागद घडी करून पाकिटात ठेवला. ज्या पाकिटात त्या पट्ट्या आहेत, त्यातच.

१ जुलै
मालकांनी सगळ्यांना जमवलं. नवीन फोरमन: शिलाईच्या ताई. दोन वर्षांपूर्वी दहावी पास झाल्या म्हणे. जेवणाच्या सुट्टीत रोज एक गणित करून. कुणाला पत्ता नव्हता. मी टाळ्या वाजवल्या, बराच वेळ. लोक थांबले तरी माझ्या चालू होत्या.

८ जुलै
ताईंचा पहिला नियम: कापण्याआधी एक प्रत उघडून वाचायची. माझ्याकडे बघून नाही म्हणाल्या. सगळ्यांना सांगितलं. मोठ्या मनाची बाई.
नवी ऑर्डर, सराव-पुस्तिका, दहावी, गणित, तीन हजार. नियम म्हणून एक उघडली. पहिल्याच पानावर वर्तुळाचं क्षेत्रफळ आणि पुढे, कडेपासून बोटभर आत, पाय गुणिले आरचा वर्ग.
एवढंच होतं.
ताईंनी लांबून विचारलं, कापायला लावू का? मी म्हटलं, जरा थांबा, वाचतोय.