दारात गाडी असताना आत्या टेम्पोतून का गेल्या

नाशिक रोड,
१८ फेब्रुवारी १९८८

रा. रा. झुंबरदाजी यांस,

कारभारीचा सविनय जय भीम. मस्कतच्या उन्हात आपली तब्येत बरी असावी, गुडघाही फार सतावत नसावा. इकडे ताई ठीक आहे. आत्या (म्हणजे आपल्या मातोश्री) काल इस्पितळातून घरी आल्या. डावी बाजू हलत नाही, बोलणं तोंडातल्या तोंडात राहतं. पण भात भरवला तर खातात आणि मीठ कमी असलं तर तोंड फिरवतात, यावरून जुना स्वभाव शाबूत असावा.

गाडी दारात उभी असताना आईला कांद्याच्या टेम्पोतून का नेलं, असं आपण विचारलंत. प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा लांब आहे.

त्या मंगळवारी सकाळी आत्या मोरीपाशी कोसळल्या, तोंड वाकडं झालं. आम्ही त्यांना उचलून गाडीच्या मागच्या सीटवर निजवलं आणि मी चावी फिरवली. स्टार्टर झकास फिरला (जपानी माल, आवाजसुद्धा अदबशीर), पण इंजीन काही पकडेना. वीस वेळा फिरवली. मग कॉलनीतल्या अकरा जणांनी धक्का मारला. पार नाक्यापर्यंत ढकलत नेल्यावर एका ट्रकवाल्यानं सांगितलं की ही बिनक्लचची गाडी, धक्क्यानं जन्मात सुरू व्हायची नाही. हे सगळं होईपर्यंत आत्या एका उघड्या डोळ्यानं माझ्याकडे बघत होत्या. शेवटी सटाण्याचा एक टेम्पो थांबवला, गोण्यांवर सतरंजी टाकली आणि निघालो. पाऊण तास गेला होता.

आता गाडीचं. पहिल्या मेकॅनिकनं प्लग काढून पाहिले, ठिणगी छान पडत होती. म्हणाला, पेट्रोल नसेल. टाकी भरलेली होती. दुसऱ्यानं दीड तास कार्बोरेटर शोधला. या गाडीला तो नसतोच, हे त्याला पटेना. परदेशी लोक विसरले असतील, असं त्यानं शांतपणे सांगितलं आणि चहा पिऊन गेला. मग ताईनं देवळाली गावातल्या इसाकभाईंना बोलावलं. म्हातारा माणूस, आधी कशालाच हात लावला नाही. मला म्हणाले, "चावी नुसती अर्धी फिरव." आणि मागे टाकीजवळ कान लावून बसले. "ठिणगी आहे, पेट्रोल आहे, पण पेट्रोल पुढे ढकलणारा पंप मुका आहे." फ्यूज पाहिला, शाबूत. वायर धरत धरत डिकीत गेले, गालिचा उचलला. तिथं काडेपेटीएवढी डबी, तिच्यावर एक बटण वर उडालेलं. अंगठ्यानं दाबलं. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

गाडीला कुठं जोरात हिसका बसला की आग लागू नये म्हणून हे बटण आपोआप उडतं आणि पंप बंद पडतो, असं ते म्हणाले. आपल्याकडचे रस्ते कसे आहेत हे आपणांस ठाऊकच आहे. लवकर आणलं असतं तरी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणतात. मी त्यांना हे तीनदा विचारलं.

प्रकृतीस जपावे.

आपला मेहुणा,
कारभारी

ता. क. "मी येईपर्यंत गाडी कुणी बाहेर काढायची नाही," असं आपण बजावलं होतंत. आत्या पडल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी मी माझ्यासोबत प्रेसमध्ये कामाला असलेल्या चौघांना गंगापूरचं धरण दाखवायला नेलं होतं. परत आल्यावर मागे घेताना गाडी कंपाउंडच्या भिंतीवर जोरात आदळली आणि बंद पडली. मला तशीही बंदच करायची होती, म्हणून चावी काढली आणि जेवायला बसलो.

ता. क. २. इसाकभाईंनी ताईसमोरच विचारलं, "गाडी कुठं ठोकली होती का?" मी म्हणालो, "नाही." ताईनं मागच्या बंपरला लागलेला चुना पाहिला, ओलं फडकं आणलं आणि पुसून टाकला. तेव्हापासून माझं ताट वेळेवर वाढते, डबा भरते, पण एक शब्द बोलत नाही. आज नववा दिवस. गाडी विकायची तर विका, मला घराबाहेर काढायचं तर काढा. पण आधी तिला एक पत्र टाका आणि लिहा की कारभारीला शिव्या दे. आपलं ती ऐकते.