अकराचं उठणं

३ जून
ती. दादास सा. न.,
तुझा अर्ज आमच्या सेवा कार्यालयाने मंजूर केला. मी स्वतः भरलेला हा पहिलाच अर्ज. 'तुम्हाला नेमकं काय हवं?' या रकान्यात मी लिहिलं, 'सन्मानाने, स्वावलंबी जगण्याची संधी.' साहेबांनी वाचून मान डोलावली. सोमवारपासून तुला पलंगावरून खुर्चीत बसवायला मदतनीस येईल. आईच्या कमरेला सांग, आता तुला उचलण्यातून सुटका, तिची मुलगी घरातली पहिली पदवीधर आहे.
माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी

१५ जून
चि. धाकटीस अनेक आशीर्वाद,
मदतनीस येतो, पण अकराला. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान नऊला उघडतं, म्हणून आई पूर्वीसारखीच मला सातला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवते. पण त्याच्या यादीत 'पलंगावरून उठवणे' असं आहे. पलंगावर माणूस नसला तर त्याची खेप भरत नाही, आणि तीन खेपा चुकल्या की सेवा बंद. म्हणून पावणेअकराला दुकानाला कुलूप लावून आई मला घरी आणते आणि पुन्हा झोपवते. पूर्वी ती मला सकाळी एकदा उचलायची, आता दोनदा.
माणूस भला आहे. परवा मला म्हणाला, तरण्या माणसाने इतक्या उशिरापर्यंत लोळू नये.
लोभ असू दे, पण पुढचा अर्ज भरू नकोस.
दादा

२२ जून
ती. दादास सा. न.,
साहेबांनी तक्रार लगेच मनावर घेतली. तुझ्या अर्जात सन्मान मागितलाय आणि तोच कमी पडतोय, असं त्यांचं मत झालं. मदतनिसाला दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलंय. आता फरक पडेल.
रागावू नकोस, लोभ ठेव.
धाकटी

१ जुलै
चि. धाकटीस आशीर्वाद,
फरक पडला. तो आता दार वाजवून येतो, मला साहेब म्हणतो, हात लावण्याआधी परवानगी मागतो. अकराला.
काल मला पलंगावर ठेवताना आईची कमर धरली आणि आम्ही दोघं कलंडलो. तो आला तेव्हा आम्ही फरशीवर होतो. त्याने यादी पाहिली. फरशीवरून उठवणं त्यात नव्हतं. यादी खिशात घालून त्याने आधी आईला उठवलं.
धाकटे, मी सन्मान मागितलाच नव्हता. विचारलं असतंस तर सांगितलं असतं: सकाळी सात, आणि आईने उचलायचं नाही.
दादा

५ जुलै
ती. दादास सा. न.,
खरंच, मी विचारलंच नाही. सख्ख्या भावाला काय हवं ते आपल्याला ठाऊक असणारच, असं धरून चालले. माझं वाक्य खोडून तुझं लिहिलं. साहेब म्हणाले, हे फारच साधं वाटतं. मी म्हटलं, साधंच आहे. मदतनिसांना दहाला कार्यालयात सही करून मगच निघावं लागतं, म्हणून अकरा वाजत होते. ती सही आता संध्याकाळी होईल. हे पटवायला मला तीन दिवस लागले.
आईला जप.
धाकटी

१४ जुलै
चि. धाकटीस अनेक आशीर्वाद,
आज तो सातला आला. आई सवयीने आधीच उठून पदर खोचून उभी होती. त्याने मला खुर्चीत बसवलं, ती बघत राहिली आणि मग जरा टेकते म्हणून आडवी झाली. नऊला मी दुकानाकडे निघालो तेव्हा गाढ झोपली होती. तिला उठवणं कुणाच्याच यादीत नाही, म्हणून दार हळूच ओढून घेतलं.
माया आहे, ती वाढतेय.
दादा