हरळीची सेवा

सोलापूर, गुरुवार, ता. १२ नोव्हेंबर १९३१

रविवारी गिरणीचे गोरे साहेब मडमेसह चहाला येणार, आणि बंगल्यापुढची हौसेने लावलेली हरळीची हिरवळ पिवळी पडलेली! पाणी घालावे तर वरच्या वर वाहून जाते. त्यात आमचा माळी भिवबा, माझ्याच गावचा, दुपारी सौ.ला सांगत होता ते कानावर आले: "मालकांच्या वडलांनी उभा जन्म रानातली हरळी खणली, अन् मालक तिलाच पानी पाजत्यात!" सौ. पोट धरून हसली. राग आला. पण खोटे काय बोलला?

बाहेर जाऊन म्हटले, "मग उपाय सांग की."

"तुडवून तुडवून भुई दगड झालीया. पहारीनं भोकं पाडा, मुळास्नी वारा लागू द्या."

"मरणार नाही ना?"

"हरळी? वडलांच्यानं मेली न्हाय, तुमच्यानं काय मरतीया!"

मीच पहार घेतली. हात दमले तेव्हा रानातल्या जुन्या शिव्या तोंडात आल्या आणि काम भराभर उरकले. आता पाणी जिरते आहे. वडील असते तर लांबूनच बघून खूश झाले असते, पोरगा अखेर हरळी खणतोय म्हणून. कशासाठी, ते मी सांगितले नसते.