धण्यांच्या दोन पुरचुंड्या

प्रिय बारक्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला आधी वाईटच बातमी वाटेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: मी धडधाकट आहे, बिअरची भट्टी चालू आहे, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फोन करता आला असता. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. हवा कशी आहे, गुडघा कसा आहे, बरं मग ठेवते. अकरा वर्षं आपण दोघं हवेवरच जगतोय. तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मी टाळणार आहे, निदान दोन पानं तरी. तेव्हा आधी चव.

बुधवारी आपल्या बाटल्या भरणाऱ्या काकू निवृत्त झाल्या. बाबांच्या वेळेपासूनची बाई, पण मी निरोपाचं भाषण करायला उभी राहिले तर मला म्हणाल्या, ताई, आवरा, चहा गार होतोय. मग त्यांनी कपाट रिकामं केलं. चार एप्रन, चष्म्याची तीन घरं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली. लेबल नाही, बुचावर खडूची फुली. ती माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी शांतपणे सांगितलं, की मी ती टाकी गटारात सोडायच्या आधी त्यांनी गुपचूप सहा बाटल्या भरून ठेवल्या होत्या. दर दोन वर्षांनी एक उघडली. पाच संपल्या. ही तुमची, म्हणाल्या, आणि चहा प्यायला गेल्या. अकरा वर्षं माझ्या नाकावर टिच्चून.

कुठली टाकी ते तुला सांगायला नको. आपली थोरली. नऊ टक्क्यांची, मसाल्याची, बेल्जियन धाटणीची ती कडक बिअर, जिला बाबांनी हे नाव ठेवलं आणि गिऱ्हाइकं मला विचारायची, नाव तुमच्यावरूनच ना. बाबा सांगायचे, हो, दोघीही डोक्यात जातात.

गुरुवारी सकाळी दहाला उघडली. चहाच्या आधी. जीभ दिवसभरात कुणाशी भांडायच्या आत चव बघायची, हा बाबांचा नियम. खिडकीजवळच्या त्याच टेबलावर बसले, जिथे ते मधे आणि आपण दोन बाजूंना, तिघांत एक वही. तो रुंद तोंडाचा पेला घेतला, तू कड उडवलेला. हो, अजून आहे. रंग तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा, उजेडात धरला तर कडेला लालसर. फेस मला वाटलं मेला असेल. नाही. बोटभर आला आणि बसूनच राहिला.

आता वास. मी खरं सांगते, नाक जवळ न्यायला मी घाबरले. मला त्या टाकीचा शेवटचा वास आठवत होता तो साबणाचा. धणे जास्त झाले की असंच होतं, तोंड धुतल्यासारखं वाटतं. पण बारक्या, साबण नव्हताच. संत्र्याची साल होती, ताजी नाही, मुरंब्यात मुरलेली. मग लवंग, जी आपण टाकलीच नव्हती, ती यीस्टची करामत. मग काळ्या मनुका, आणि जाड बुडाच्या पातेल्यात जरा जास्तच जळू दिलेली साखर. आणि या सगळ्यांच्या मागे धणे, हात बांधून उभे. ओरडत नव्हते. जाणत्या वयाचे झाले होते.

पहिला घोट गोड वाटतो आणि फसवतो. जिभेच्या मधोमध आला की मिऱ्यासारखं काहीतरी चुरचुरतं, आणि गोडवा जिथे संपतो तिथे सालीचा कडवटपणा बरोबर पाऊल टाकतो. मग घशात ऊब. गिळल्यावर मी वाट बघत बसले. तू वहीत नेहमी लिहायचास ना, चव दारापर्यंत जाते आणि मागे वळून बघते. मी त्यावर लाल शाईने शेरा मारायचे, हे काय, नीट लिही. ही दारापर्यंत गेली, बारक्या. आणि वळून बघितलं. धण्यांनीच बघितलं. मी तिथे बसून रडले, आणि काकू नेमक्या त्याच वेळी किल्ल्या परत करायला आल्या. त्यांनी पेला उचलला, वास घेतला, म्हणाल्या, धाकटे साहेब तेव्हाच सांगत होते, वर्षभर ठेवा.

सांगत होतास. मी ऐकलं नाही. त्या दिवसांत मला तुझं काहीच ऐकायचं नव्हतं.

तो दिवस मी इतक्यांदा मनात चालवलाय, की आता पाठ झालाय. उकळी संपायला दहा मिनिटं असताना मसाल्याची पुरचुंडी टाकायची, आणि टाकली की झाकणाच्या कडीला लाल दोरा बांधायचा, म्हणजे दुसऱ्याने पुन्हा टाकू नये. बाबांचा नियम, कारण आपण दोघंही दुसऱ्याला विसराळू समजायचो. तुझा दोरा कुणालाही ओळखू यायचा. तू डावखुरा. बाबांनी समोर बसून गाठ शिकवली, ती तू आरशासारखी उलटी शिकलास, आणि ती मेली सुटायची नाही. शाळेत तुझ्या बुटांच्या नाड्या मी कात्रीने कापायचे.

संध्याकाळी उकळायची टाकी धुताना दोन पुरचुंड्या निघाल्या. कडीला तुझा दोरा नव्हता. तू म्हणालास, मी बांधला होता. मी सगळ्यांसमोर म्हणाले, तुझं डोकं कधी तरी ठिकाणावर असतं का. महिन्याने चव बघितली, साबण लागला, टाकी सोडून दिली, आणि पुन्हा तेच बोलले, त्याहून मोठ्या आवाजात. तू वाद घातला नाहीस. त्या आठवड्यात बॅग भरलीस. जाताना एवढंच म्हणालास, बहुतेक विसरलोच असेन.

हे वाक्य मला गेल्या महिन्यात पुन्हा ऐकू आलं. तुझ्या बायकोचा फोन आला होता, माझ्या वाढदिवसाचा. हसत हसत सांगत होती, की तू घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघतोस, अर्ध्या जिन्यातून गॅस बघायला परत येतोस. आणि मग हसू थांबवून तिने सांगितलं, की नव्या भट्टीवाल्यांनी तुला मुख्य म्हणून बोलावलं होतं आणि तू नाही म्हणालास. गोदामातच बरा आहे, म्हणालास. मी विसराळू माणूस, माझ्या हातात टाकी नको. त्यांनी या महिन्याच्या अखेरपर्यंत जागा धरून ठेवली आहे, हेही तिनेच सांगितलं. मी तिला म्हणाले, इकडे हवा छान आहे.

दोन पानं झाली. आता सांगते. त्या सकाळी मी टाकीजवळ उभी राहून वहीत लिहीत होते आणि वहीची शिवण उसवली, पानं ओल्या फरशीवर पडायला लागली. कडीला दोरा दिसला. मला वाटलं, मागच्या खेपेचा राहिलाय. कापला, त्यानेच वही बांधली, खोलीत ठेवून आले. परत येऊन बघते तर कडी रिकामी. म्हणजे बारक्या विसरला. मी दुसरी पुरचुंडी टाकली. तू गेल्यावर आठव्या दिवशी ती वही हातात आली, तिच्यावर तुझी उलटी गाठ. मागच्या खेपेचा दोरा तर मी बांधला होता. आठव्या दिवशी, बारक्या, अकराव्या वर्षी नाही. मला तेव्हापासून माहीत आहे. आधी लाज होती, मग उशीर झाला होता, मग उशिराचीच लाज वाटायला लागली. बाबा गेले तेव्हाही तुझ्या शेजारी बसून गप्प राहिले. तू काहीही विसरला नव्हतास. तू दोरा बांधला होतास. माफ कर म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणते. दोरा सोबत पाठवतेय, गाठीसकट. तो समोर ठेव आणि त्या लोकांना आजच्या आज फोन लाव. आणि कधी वाटलं तर ये. थोरली मी पुन्हा बनवणार आहे, दोन्ही पुरचुंड्या घालून, वर्षभर ठेवून. एक मी टाकेन. दुसरी मी एकटीने टाकायची नाही असं ठरवलंय.

तुझीच,
अजून हुकूमच सोडणारी,
ताई