हिऱ्या, वय नऊ, धंदा मोट ओढणे

श्री

अकोला, ता. ७ जानेवारी १९२९

ती. खुशालदादा यांस वामनचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तिकडचे कळवीत जावे. न कळवल्यास ठीकच असे समजतो.

सध्या आमच्या अबकारी खात्यात श्वास घ्यायला सवड नाही. साता समुद्रांपलीकडे जिनिव्हा नावाच्या गावी मोठमोठ्या राष्ट्रांचा संघ भरतो. त्यांनी असे ठरवले आहे की, दहा हजार माणसांना वर्षाकाठी औषधापुरती सहा शेर अफू पुरे. आपल्या नांदगाव भागात ती वीस शेरांवर जाते. मी हा आकडा साहेबांपुढे ठेवला तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. म्हणून समिती नेमली आहे आणि तिचा कारकून मी. आता गावोगाव अफू खाणाऱ्यांची यादी व्हायची. यादीत नाव असेल त्यालाच दुकानात अफू मिळेल, तीही हळूहळू कमी करत. आपल्या गावाची यादी तुम्ही भरावी. फॉर्म सोबत आहे. नाव, वय, धंदा आणि खाण्याचे कारण, एवढेच रकाने आहेत.

एक विनंती. बाबांचे नाव घालू नये. हेडक्लार्कच्या जागेसाठी माझी शिफारस झाली आहे, आणि अफूच्या समितीच्या कारकुनाचा बापच अफूच्या यादीत निघाला तर कचेरीत हसे होईल. त्यांनीही आता ते सोडावे. कितीही झाले तरी व्यसन ते व्यसन.

वहिनींना नमस्कार, शालूला आशीर्वाद. धाकट्यावर लोभ आहेच, तो फॉर्म वेळेवर भरून दाखवावा.

आपला,
वामन

॥ श्री खंडेश्वर प्रसन्न ॥

मुक्काम मळा, पौष शु. ४, शके १८५०

चि. वामनरावास खुशालचे अनेक आशीर्वाद उ. वि.

पत्र पावले. जिनिव्हावाल्यांना आपल्या वांग्यामेथीच्या मुलखाची एवढी काळजी आहे हे वाचून ऊर भरून आला. ज्यांनी जहाजे भरभरून चीनला अफू पाजली, तेच आता आमच्या गोळीचे वजन करायला बसले म्हणतोस, तर माणूस सुधारतो यावर माझा विश्वास बसत चालला आहे. इकडे येणारे व्यापारी सांगतात की माळव्यात खसखशीचे मळे मोडायला लावले आणि तिथला कुणबी आता काय पेरावे म्हणून डोके धरून बसला आहे. त्याचा रकाना आहे का रे तुमच्याकडे? आणि दुकानाचा ठेकाही सरकारनेच द्यायचा, मग माल जास्त खपला म्हणून आमच्यावर डोळे का वटारायचे?

तुझ्या वीस शेरांचे कोडे मी सोडवतो. संक्रांत झाली की शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, सुरू होतात. नत्थुजी पाटलाची जोडी धावण्याआधी जेवढी अफू खाते, तेवढी आमची आळी वर्षात खात नाही. मोटेच्या बैलांनाही थंडीत गुळातून देतात. तुझ्या फॉर्मात बैल नाहीत, पण मी खोटे लिहिणारा माणूस नव्हे. तू खाणाऱ्यांची नावे मागितलीस, मी खाणाऱ्यांची लिहिली. हिऱ्या, वय नऊ, धंदा मोट ओढणे, कारण अंगमेहनत. पाखऱ्या, वय सात, बाकी सदरप्रमाणे. गावात दुसरे कोणी नाव द्यायला तयार नाही. फौजदार येईल म्हणून सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. तूच बापाचे नाव झाकतोस, तर त्यांना कोणत्या तोंडाने बोलू? बाबांची गोळी बैलांच्या वाट्यातून काढू.

व्यसन सोडावे हा तुझा निरोप त्यांना सांगितला. ते म्हणाले, वामनाला आधी चहा सोडायला सांग.

फॉर्म वेगळ्या पाकिटातून तुझ्या कचेरीत धाडला आहे. सौ. मनकर्णेस आशीर्वाद. लोभ ठेव, त्याला शेर-छटाक लावू नकोस.

खुशाल

श्री

अकोला, ता. २२ जानेवारी १९२९

ती. दादा यांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही माझा घात केलात. फॉर्म कचेरीत आला आणि पत्र घरी. मी फॉर्म आधी उघडला, घाईघाईत इंग्रजी करून साहेबांपुढे ठेवला. ते वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. नऊ नि सात वर्षांची लेकरे बैलांच्या जागी मोट ओढतात आणि अफूवर जगतात! त्यांनी चार पानी टिपण लिहिले, ते नागपूर-दिल्लीमार्गे जिनिव्हाला जाणार आहे. माझी पाठ थोपटली. घरी येऊन तुमचे पत्र वाचले, तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

येत्या तीस तारखेला साहेब त्या मुलांना भेटायला येत आहेत. मुलांसाठी त्यांनी लिहायच्या पाट्या विकत घेतल्या आहेत. दादा, पाया पडतो, त्या दिवसापुरती कोणाची तरी दोन पोरे उभी करा. जरा हडकुळी असली तर बरे.

तुमच्या लोभावर माझी नोकरी टांगली आहे.

वामन

॥ श्री खंडेश्वर प्रसन्न ॥

मुक्काम मळा, पौष व. ११

चि. वामनरावास आशीर्वाद.

साहेब येऊन गेले. दुसऱ्यांची लेकरे अफीमबाज म्हणून दाखवायला माझे मन धजले नाही. त्यांना गोठ्यात नेले आणि दोघांची ओळख करून दिली. हिऱ्याने त्यांच्या हातचे बत्तासे खाल्ले आणि पाटीही चाटून पाहिली. साहेब हसले नाहीत. त्यांनी तिथेच दोन्ही नावे खोडली, यादी कोरी झाली, आणि कोऱ्या यादीच्या गावाला अफू कशाला, म्हणून गावाचा पुरवठा बंद केला. आपले गाव आता अफूमुक्त आहे. जिनिव्हात साखर वाटली असेल.

तिसऱ्याच दिवशी चोरटी अफू आली. तीत निम्मी माती आहे. नत्थुजीच्या जोडीला ती चालते, पट मारून आली. बाबांनी एकदा घेतली आणि रक्त ओकले.

वामना, आता थट्टा नाही. पाच दिवस त्यांच्या पोटात पाणी ठरत नाही. पाय आखडतात. काल त्यांनी मला ओळखले नाही आणि मी गोठ्यात जाऊन रडलो. अमरावतीचे डॉक्टर म्हणतात की, या वयात एकदम तोडली तर जीव जाईल. बेताबेताने कमी करता येईल, पण यादीत नाव असल्याशिवाय त्यांना चिठ्ठी देता येत नाही. नाव तूच घालू शकतोस. तुला जागा हवी की बाप, ते ठरव आणि उलट टपाली कळव.

खुशाल

मळा, माघ शु. २

(आजोबा बोलले तसे लिहिले आहे. शालू.)

चि. वामनाले बापाचा आशीर्वाद.

आज जरा शुद्धीवर हावो, म्हणून बोलून राहिलो. तू मले व्यसनी म्हणतं म्हणे. म्हण. पण तुह्या कागदावर कारणाचा रकाना हाये ना? मंग कारण नीट लिही.

तुले अमरावतीच्या शाळेत घालाले मी गाडी जुंपली होती. बेंबळा नदीच्या उतारावर गाडी उलटली. तुले खरचटलं बी नाही, कावून का मी तुले वर धरलं होतं. चाक माह्या कमरेवरून गेलं. तुह्या शाळेले उशीर होईन म्हणून तसाच तुले पोचवला, अन् मंग वैदूनं पहिली गोळी देल्ली. तवापासून खातो. तुले सांगतलं नाही, पोराच्या डोक्यावर कायले वझं द्याचं?

तुह्या त्या जिनिव्हावाल्याच्या रकान्यात एवढं मावत नसन, तर हिऱ्याच्या नावाखाली लिही. त्यानं अन् म्या एकच काम केलं, ओढाचं.

तुले मागणं काही नाही. चहा कमी पेत जाय.

तुहा बाप,
भगवंत

श्री

अकोला, ता. १५ फेब्रुवारी १९२९

ती. बाबांच्या पायांवर वामनचे डोके.

परवानगीचा कागद सोबत आहे. दादांनी तो डॉक्टरांना दाखवून आजच गोळी सुरू करावी. मी रविवारी बडनेऱ्याला उतरतो, गाडी पाठवू नये, चालत येईन.

हेडक्लार्कची जागा दुसऱ्याला मिळाली. साहेबांनी विचारले की, गाव अफूमुक्त म्हणून वर कळवून झाले, आता हे नवे नाव कोणाचे? मी यादी त्यांच्यापुढे ठेवली. माझ्या हाताने लिहिले आहे: भगवंत जानराव, वय एकोणसत्तर, धंदा माळीकाम.

कारण: या समितीचा कारकून.