श्रेयाच्या लग्नाच्या शूटिंगबाबत खुलासा

औरंगाबाद,
२ जून २०१३

प्रिय मित्र काकासाहेब यास,

दत्तोपंताचा दंडवत (गुडघा धरलाय म्हणून उभ्यानंच). इकडं आम्ही दोघं ठीक. तुझी तब्येत, वच्छलावहिनींची कंबर, विहिरीचं पाणी आणि तो पांढरा बैल, या क्रमानं किंवा तुला योग्य वाटेल त्या क्रमानं, कसे आहेत ते कळव. आमच्याकडं सहा दिवसांआड नळाला पाणी येतं म्हणतात. म्हणतात असं लिहिलं, कारण पाच वर्षांपूर्वी जिथं ज्वारी उभी होती तिथं आता आमच्या सोसायटीच्या चार इमारती उभ्या आहेत, पण पाइपलाइन अजून ज्वारीच्याच काळात आहे. सगळा कारभार टँकरवर चालतो. तू सोयगावहून येताना शहर कुठं सुरू झालं ते कळत नाही असं म्हणाला होतास. आम्हाला इथं राहूनही कळत नाही.

गेल्या वीस दिवसांत तुझे सात फोन आले. पहिल्या फोनाला मी आंघोळीला गेलो होतो असं सौ. कालिंदीनं तुला सांगितलं (टँकरवर जगणाऱ्या माणसानं बायकोला हे कारण शिकवायला नको होतं). पुढच्या सहा वेळची कारणंही त्याच दर्जाची होती. श्रेया वीस तारखेला जावईबापूंबरोबर मस्कतला निघणार आणि त्याआधी लग्नाची फिल्म लेकीच्या हातात पडली पाहिजे, हे तू सातही वेळा बजावलंस. ते मला पोचलं आहे. म्हणून हा खुलासा लिहितो. सावलीत बसून वाच, आणि वहिनी घरात असतील तर मनातल्या मनात वाच.

आता तू म्हणशील, दत्त्या, तू परत तेच केलंस का? तर तसं नाही. त्र्याऐंशी साली तुझ्या लग्नात मी छत्तीस फोटो काढले आणि रोल कॅमेऱ्यात फिरलाच नव्हता, ही गोष्ट वेगळी. त्यात रोलची पट्टी दात्यांवरून निसटली होती, आकडा मात्र इमानदारीत छत्तीसपर्यंत पुढं सरकत होता. तू एका जागी ठरत नव्हतास, तुला छत्तीस वेळा 'हलू नको' म्हणावं लागलं. वहिनी मात्र एकोणीस वर्षांची पोर, भर उन्हात, मी सांगितलं म्हणून पापणी न हलवता उभ्या राहिल्या. रोल धुतला तर काचेसारखा स्वच्छ. लॅबवाल्यानं घोळ केला असं मी तुला दोन महिने सांगत होतो. लॅबवाला मीच होतो, हेही तुला नंतर कळलं. तू एक शिवी दिलीस आणि विषय मिटवलास. वहिनींनी शिवी दिली नाही, त्यामुळं मिटला नाही. तीस वर्षं झाली, मी तुझ्या ओट्यावर पाय ठेवला की त्या आधी विचारतात, "भावजी, रोल टाकला का?" आणि मग चहा टाकतात. तुमच्या दोघांचा लग्नाचा एक फोटो तुमच्या भिंतीवर नाही, आणि त्या मोकळ्या भिंतीसमोरच तुम्ही मला दरवेळी बसवता.

म्हणून या मार्चात तू औरंगपुऱ्यातल्या माझ्या दुकानाचा जिना चढून आलास आणि म्हणालास, "दुष्काळ हाय, बँड नाय, घोडा नाय, पंगत साधी. पण शूटिंग पायजे, आन ते तूच करायचं," तेव्हा मला भरून आलं होतं. ते मी तोंडावर दाखवलं नाही, कारण समोर पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक हनुवटी वर करून बसलं होतं. मी हो म्हणालो. मी आयुष्यात कधी शूटिंग केलेलं नव्हतं, हे तुला सांगायचं राहून गेलं.

कॅमेऱ्याचा प्रश्न नव्हता. आमच्या वरदनं पुण्याहून साठीची भेट म्हणून पाठवलेला डिजिटल कॅमेरा होता. आहे तो फोटोचाच, पण एक बटण दाबलं की त्यात शूटिंगही होतं. वरदनं फोनवर एवढंच सांगितलं की बाबा, तुम्हाला फोटो येतो म्हणजे हे येणारच. पोराला काय माहीत, की मला फोटो येतो हीच अडचण आहे! चाळीस वर्षं मी लोकांना थांबवत आलो. पहिला प्रयोग सौ.वर केला. ती भाकरी थापत होती, मी म्हणालो, "हं, हलू नको." ती हलली नाही. तीन मिनिटांच्या त्या फिल्ममध्ये एक बाई परातीवर हात ठेवून माझ्याकडं बघते आणि मागं तव्यावर भाकरी काळी होत जाते. हालचाल म्हणाल तर तेवढीच. शिवाय उभा माणूस म्हणजे उभा फोटो, या हिशेबानं कॅमेरा मी उभा धरला होता. टीव्हीवर लावल्यावर सौ. भिंतीवर आडवी झोपलेली दिसली. वरदला फोनवर विचारलं, आता टीव्ही आडवा करायचा का? टीव्ही जड होता म्हणून आम्हीच दोघं सोफ्यावर कुशीवर झालो आणि पाहिलं. भाकरी चांगली आली होती.

मग वाटलं, घरात बायको माझ्या सांगण्यावरून थांबते (हे एवढ्याच बाबतीत), तर जिथं कुणी थांबूच शकत नाही तिथं जावं. सोसायटीत टँकर येण्याइतकी धावपळ या शहरात दुसरी नाही. टँकर आला, ड्रम आले, बादल्या आल्या, पलीकडच्या इमारतीतल्या आवडाबाईंनी टँकरचा पाइप कुणाला हात लावू न देता स्वतःच्या ताब्यात घेतला. मी जिन्याच्या पायरीवरून कॅमेरा लावला. कॅमेरा आडवाच धरला होता, ध्यानात ठेवून. पण तोंडाला कोण आवर घालणार? सवयीनं ओरडलो, "एक मिनिट! सगळ्यांनी इकडं बघा, हलू नका!" आणि काकासाहेब, चाळीस माणसं जागच्या जागी थिजली. कुणी पदर नीट केला, कुणी पोट आत घेतलं. आवडाबाई पाइप धरून माझ्याकडं बघत हसल्या आणि तशाच राहिल्या. ड्रम भरला, वाहिला, पाणी गल्लीतून खाली शेजारच्या नव्या इमारतीच्या पायाच्या खड्ड्यात गेलं, तरी कुणी हलेना, कारण फोटो बिघडला असता. शेवटी टँकरचा ड्रायव्हर ओरडला, "चचा, खींचो ना जल्दी!" तेव्हा लोक भानावर आले. त्यानंतर मला सोसायटीत जे ऐकावं लागलं ते लिहीत नाही. पुढच्या टँकरला आमचा ड्रम सर्वानुमते शेवटी गेला.

एवढ्या तयारीनिशी मी बारा मेला सोयगावला आलो. माझी तालीम कच्ची होती असं म्हणू नकोस. काय करायचं नाही हे मला पाठ होतं. कॅमेरा आडवा धरायचा, तोंड बंद ठेवायचं. फोटो तुझे पुतणे मोबाइलवर काढत होते, मला फक्त शूटिंग. आणि ते व्यवस्थित पार पडलं असतं, पण सकाळी माजघरात सतरा बायकांच्या देखत वहिनींनी विचारलं, "भावजी, रोल टाकला का?" सगळ्या हसल्या. मला लागलं ते. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, वहिनी, याला रोल लागत नाही, कार्ड असतं. हे बटण दाबलं की चालू, आणि हा बघा, कोपऱ्यात लाल ठिपका येतो. परत दाबलं की ठिपका जातो, बंद. ठिपका आहे तोवर चालू. वहिनींनी वाकून ठिपका बघितला, मान डोलावली, तेवढ्यात कुणीतरी हळदीची वाटी मागितली म्हणून त्या गेल्या आणि मी कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर आलो. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बटण मी परत दाबलंच नव्हतं.

पुढचं तुझ्या ध्यानात आलं असेल. मांडवात त्रेचाळीस डिग्रीचं ऊन, कॅमेऱ्याचा पडदा उन्हात काळाठिक्कर, ठिपका तर सोडच, नवरदेवही दिसेना. मी आपला बोटाच्या अंदाजानं चालू म्हणून बटण दाबलं, ते बंद झालं. बंद म्हणून दाबलं, ते चालू झालं. शर्टाचं पहिलं बटण चुकीच्या काजात गेलं की खालपर्यंत चुकत जातं, तसा सगळा दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून मी एक तास छत्तीस मिनिटं तुझ्या लेकीचं लग्न पाहिलं. त्यात माझं पोट आहे. शर्टाचं चौथं बटण सैल झालंय हे कळलं, सौ.नं ते शिवून दिलं, म्हणजे फिल्म अगदीच वाया गेली असं नाही. अंतरपाट धरायला आणतात तो आहे आणि घडी करून नेतात तो आहे. गुरुजी घसा खाकरतात ते स्पष्ट आहे. त्यापुढचं दृश्य एकदम लोक डोक्यावरच्या अक्षता झाडतात त्याचं. वरपक्षाचे दोन पाहुणे माझ्या मागं उभं राहून चारा छावणीवर अर्धा तास बोलले, ते शब्दन् शब्द आहे. श्रेया चार सेकंद दिसते, मी लेन्सचं झाकण उचलायला वाकलो तेव्हा, उलटी. नवरदेव ऋतुराजच्या चपला आहेत. चपला उत्तम आल्या आहेत, फोकसमध्ये.

पहिले चार दिवस मला जेवण गेलं नाही. खोटं सांगत नाही. तुझ्या घरचं दुसरं लग्न मी घालवलं, आणि या वेळी रोल निसटला असंही म्हणता येत नाही. दुकान बंद करावं असं वरद दोन वर्षं म्हणतोय, मी पहिल्यांदा त्याला बघू म्हणालो.

शेवटी एक तुकडा आहे, त्याबद्दल लिहू की नको असं झालंय. पंगती उठल्यावर मी कॅमेरा बंद केला (म्हणजे चालू केला) आणि गोठ्याजवळच्या खुर्चीवर ठेवून हात धुवायला गेलो. त्याच्यासमोर गोठ्याच्या सावलीत तू आणि वहिनी सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसलात. माणशी एक ग्लास पाणी, हा तुझाच नियम होता. तू तुझा ग्लास वहिनींच्या ग्लासात ओतलास आणि म्हणालास, मला तहान नाय. त्या म्हणाल्या, लई खोटं बोलता तुम्ही. मग तू धोतराच्या सोग्यानं डोळे पुसलेस आणि धूळ गेली म्हणालास. वारं नव्हतं, काकासाहेब. पान एक हलत नव्हतं. मला दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटलं म्हणून मी तिथंच ते बंद केलं. पुढचं पाहिलेलं नाही.

असो. झालं ते असं झालं. राग आला तर सात फोन केलेस तिथं आठवा कर, मी उचलीन. वहिनींना नमस्कार, श्रेयाला आशीर्वाद.

तुझा (अजून असेन तर) मित्र,
दत्तोपंत

ता. क. : मूळ मुद्दा राहिला. श्रेया आणि जावईबापू निघण्याआधी गावाकडं येणार आहेतच, तर तेव्हा त्यांना दहा मिनिटं परत अंतरपाटाला उभं करता येईल का? मुंडावळ्या मी गुलमंडीवरून आणतो. गुरुजींना पूर्ण मंगलाष्टकं म्हणायला लावू नकोस, एक 'सावधान' पुरेल. पाहुणे पाच-सहा असले तरी चालतील, मी त्यांनाच फिरवून फिरवून घेईन. बटण सौ. दाबणार आहे.

ता. क. दोन : हे परत लग्न लावायचं कशासाठी, ते वहिनींना कळू देऊ नकोस. काहीतरी सांग.

ता. क. तीन : पाकीट चिकटवणार एवढ्यात सौ.नं हाक मारली. तिनं तो शेवटचा तुकडा शेवटपर्यंत लावला होता (बायकांना डोकावल्यासारखं वाटत नाही). जेवण झाल्यावर वहिनी ताटं घेऊन उठतात, कॅमेऱ्याजवळ येतात आणि थांबतात. चित्रात नुसता त्यांच्या साडीचा काठ दिसतो. मागून आवाज येतो, "आगं बया, ठिपका हाय की." मला वाटलं, आता मला हाक मारणार. नाही मारली. ताटं खाली ठेवल्याचा आवाज येतो. मग त्या परत येऊन तुझ्या शेजारी बसतात, डोक्यावर पदर घेतात, तुझी टोपी सरळ करतात आणि म्हणतात, "हलू नका." तू विचारतोस, का? त्या म्हणतात, "नका म्हणलं ना." आणि तू, जो माझ्यानं छत्तीस वेळा सांगून ठरला नाहीस, तो गप बसलास. एक मिनिट चाळीस सेकंद दोघंही हलला नाहीत. वहिनींची पापणीसुद्धा नाही. मग कार्ड भरलं.

त्यातलं एक चित्र थांबवून दुकानात मोठा फोटो काढला, सोबत पाठवतोय. तुझ्या भिंतीची ती जागा मला माहीत आहे, मी तीस वर्षं तिच्यासमोर बसतोय, फ्रेम मापानं केली आहे. वहिनींच्या हातात दे, आणि रोल टाकला होता म्हणावं.